बोर्डावर एक सर्जन, ऑपरेशनला दुसराच

माझ्या धाकट्या भावाला विचारून हे लिहिते आहे. तो ज्या त्रासासाठी गेला त्याबद्दल मुलं घरात अवाक्षर काढत नाहीत आणि या गप्प बसण्यावरच असल्या क्लिनिकचा धंदा चालतो.

त्याला गायनेकोमॅस्टिया होता, म्हणजे पुरुषाच्या छातीत वाढलेली स्तनग्रंथी. वयात येताना बऱ्याच मुलांना होतो आणि बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. त्याचा गेला नाही. पोहणं सुटलं, भर उन्हाळ्यातही तो टी-शर्टवर शर्ट घालायचा. शेवटी जाहिरात बघून पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये एकटाच गेला. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर म्हणवणाऱ्या बाईंनी आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, हप्त्यांची सोय सांगितली आणि आजच बुकिंग केलं तर पैसे कमी होतील म्हणाल्या. बोर्डावर एका प्लास्टिक सर्जनचं नाव, एम.सीएच. (जनरल सर्जरीनंतरची वरची पदवी) आणि नोंदणी क्रमांक होता. भावाने ते नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या रजिस्टरमध्ये शोधलं. नोंद खरी होती, पदवीही खरी होती.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र ते सर्जन आलेच नाहीत. मास्क लावलेला दुसराच माणूस होता, "सर आमच्या टीममध्येच आहेत" एवढंच उत्तर मिळालं. गुंगीचं इंजेक्शन दिलं, पण भूलतज्ज्ञ कुणीच नव्हता. रात्री उजवी बाजू टम्म फुगली. क्लिनिकला फोन केला तर म्हणे सूज असतेच, पट्टा घट्ट बांधा. मग त्याने मला फोन केला, "ताई, श्वास घेताना दुखतंय." मला तोवर यातलं काहीच माहीत नव्हतं. मोठ्या रुग्णालयात नेलं तर आत रक्त साकळलेलं. टाके उघडून ते त्याच रात्री काढावं लागलं. तिथल्या प्लास्टिक सर्जन मॅडमनी सांगितलं की स्तनाग्राखालची ग्रंथी प्रमाणाबाहेर खरवडली आहे, तिथे खड्डा राहणार. ऑपरेशनआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स तपासली होती का, काही औषधं किंवा जिममधली इंजेक्शनं चालू होती का, असं त्यांनी विचारलं. क्लिनिकमध्ये यातलं कुणीच काही विचारलं नव्हतं.

आम्ही लेखी अर्ज देऊन कागद मागितले. 2002 च्या वैद्यकीय नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, अर्जात तेच लिहिलं होतं. ऑपरेशन नोटवर सही बी.डी.एस. माणसाची निघाली. दातांच्या डॉक्टरने माझ्या भावाची छाती कापली होती! मला त्याच्याइतकाच राग त्या एम.सीएच. सर्जनचा येतो. स्वतःचं नाव बोर्डाला वापरू देऊन लोकांचा विश्वास त्यांनीच विकला.

म्हणून नुसतं बोर्डावरचं नाव तपासून थांबू नका. ऑपरेशन कोण करणार हे विचारा आणि त्याच माणसाला आधी समोर भेटा. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं जनरल सर्जरी आणि पुढे तीन वर्षं प्लास्टिक सर्जरी, हा नेहमीचा रस्ता आहे. एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवीपुढे 'प्लास्टिक सर्जरी' हे शब्द हवेत. रजिस्टरमध्ये नुसतं नाव सापडलं तर तो डॉक्टर आहे एवढंच कळतं, त्यामुळे पुढच्या पदव्यांची नोंदही बघा. कॉस्मेटॉलॉजिस्ट, एस्थेटिक फिजिशियन, कुठलीशी फेलोशिप, यातलं काहीही त्या पदवीच्या जागी चालत नाही. केस रोपणाबाबत तर कमिशनने 2022 मध्ये स्पष्टच सांगितलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

संमतीपत्रावर सर्जनचं आणि भूलतज्ज्ञाचं नाव लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नका. भावाच्या संमतीपत्रावर ती जागा कोरी होती आणि मजकूर सगळा इंग्रजीत. भूलतज्ज्ञ कोण, असं विचारल्यावर उडवाउडवी झाली तर तिथूनच परत फिरा. रक्तस्राव झाला तर कुठल्या रुग्णालयात हलवणार, हेही विचारून ठेवा.

आमची सर्जनविरुद्धची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे आणि त्या दंतवैद्याविरुद्धची स्टेट डेंटल कौन्सिलकडे, कारण त्याची नोंदणी तिथली. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तो अर्जही दिला आहे. क्लिनिकने पैसे परत करायची तयारी दाखवली, पण तक्रारी मागे घ्या म्हणाले. भावाने नकार दिला.