ड्राइव्ह धडधाकट होते, खराब होती केबल: २६,८०० रुपयांना फसवलं

आधी पैशांचा हिशेब लिहिते. दोन 'नव्या' चार टीबी हार्ड ड्राइव्ह, प्रत्येकी ११,५०० प्रमाणे २३,०००. घरी येऊन तपासणीचे १,५००. 'डेटा शिफ्टिंग'चे ३,५००. झाले २८,०००. माझे जुने दोन ड्राइव्ह 'भंगारात' घेतले म्हणून ६००-६०० वजा. यूपीआयने माझ्या खात्यातून गेले २६,८००. खराब काय होतं? १८० रुपयांची साटा केबल, ड्राइव्ह मदरबोर्डला जोडते ती.

आम्ही नवरा-बायको लग्नांची फोटोग्राफी करतो. घरात चार ड्राइव्हचा सर्व्हर आहे, त्यावर ट्रूनॅस ही सर्व्हर चालवणारी प्रणाली, आणि चारही ड्राइव्हचा मिळून एक साठा, म्हणजे पूल, करणारी रेड-झेड-वनची रचना. वापरणाऱ्यांना माहीत आहे, त्यात एक ड्राइव्ह गेला तरी डेटा राहतो, दोन एकदम गेले की सगळं संपतं. तुळशीचं लग्न होऊन सीझन सुरू झालेला, दोन कुटुंबांचे अल्बम द्यायचे बाकी, आणि रात्री मेल येतो की पूल डिग्रेडेड म्हणजे अधू, एक ड्राइव्ह फॉल्टेड म्हणजे बाद आणि दुसऱ्यावरही एरर. बॅकअप होता, पण चालू सीझनची दोन कामं अजून त्यात गेलेली नव्हती. लोकांची लग्नं पुन्हा होत नाहीत. त्या रात्री मी काय करायला हवं होतं, हे आज शांतपणे सांगणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.

ऑनलाइन लिस्टिंगवर साडेचार स्टार असलेला सर्व्हिस इंजिनियर सापडला. स्टेशनजवळ दुकान, शंभरावर रिव्ह्यू. दुसऱ्या दिवशी हजर. गोड बोलणारा, आल्या आल्या 'ताई, टेन्शन घेऊ नका'. ड्राइव्ह काढून आपल्या लॅपटॉपला जोडले आणि पंधरा मिनिटांत दोन्ही मेल्याचं जाहीर केलं. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो, तिला स्मार्ट म्हणतात. चार टीबीच्या ड्राइव्हची स्मार्टची लाँग टेस्ट कित्येक तास चालते. पंधरा मिनिटांत निकाल देणारा माणूस चाचणी करतच नसतो, हे लिहून ठेवा.

आता ज्या क्षणाने मला अजून झोप येत नाही, तो सांगते.

त्याने स्क्रीनवर स्मार्टचा तक्ता उघडला. माझ्या ड्राइव्ह सीगेटच्या. सीक एरर रेटच्या, म्हणजे वाचणारं हेड नेमक्या जागी न पोचल्याच्या चुकांच्या, ओळीत कोटींच्या घरातला आकडा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाला, 'बघा ताई, एवढे एरर.' सीगेटच्या ड्राइव्हमध्ये हा आकडा असाच अगडबंब दिसतो, कारण त्यात एररबरोबर एकूण किती वेळा हेड हललं तेही एकत्र साठवलेलं असतं. धडधाकट ड्राइव्हवरही तो कोटींत असतो. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, त्याला नक्की होतं.

पण त्याच तक्त्यात खरं उत्तर होतं आणि ते मला दिसलं होतं. ५, १९७ आणि १९८ या ओळींत शून्य होतं. म्हणजे एकही सेक्टर (डेटा ठेवायचा छोटा कप्पा) बदलावा लागलेला नाही, एकही वाचायला अडलेला नाही, एकही कायमचा गेलेला नाही. फक्त १९९ क्रमांकाच्या ओळीत, यूडीएमए सीआरसी एररसमोर, एका ड्राइव्हवर १,८४६ आणि दुसऱ्यावर ७०० च्या वर. मी विचारलं, 'हे तर शून्य आहे, मग खराब कसं?' क्षणभरही न थांबता तो म्हणाला, 'शून्य म्हणजे लाइफ शून्य राहिली, ताई.'

हे खोटं त्याने उगाच निवडलेलं नव्हतं. स्मार्टच्या तक्त्यात व्हॅल्यूचा रकाना खरोखरच १०० किंवा २०० पासून खाली येतो आणि तिथे कमी आकडा म्हणजे वाईट. प्रत्यक्ष मोजणी असते शेजारच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात, तिथे शून्य म्हणजे उत्तम. एका रकान्याचा अर्थ त्याने दुसऱ्याला चिकटवला. असे दोन उलट-सुलट रकाने शेजारी असताना मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला तर त्यात मूर्खपणा कसला? ज्याला तपासणीचे १,५०० द्यायचे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर पैसे कशाचे द्यायचे? पण मी विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर आल्यावर मी गप्प बसले. तिथे उठून कुणाला तरी फोन लावला असता तर २६,८०० रुपये वाचले असते, हे डोक्यातून जात नाही.

१९९ म्हणजे काय, हे प्रत्येक होम सर्व्हरवाल्याने पाठ करावं. ड्राइव्ह आणि मदरबोर्डमधून जाताना डेटा बिघडला तर हा आकडा वाढतो. म्हणजे बहुतेक वेळा केबल, ढिला कनेक्टर, नाहीतर बॅकप्लेन, म्हणजे ड्राइव्ह ज्यात खोचतात ती पट्टी. चकतीशी त्याचा संबंध नसतो. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत सर्व्हरचा डबा भिंतीपासून ओढून बाहेर काढला होता. एरर त्यानंतरचे. प्रामाणिक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की डबा हलवला होता का, उघडला होता का. याने विचारलं नाही, कारण उत्तर त्याला नकोच होतं.

नवे ड्राइव्ह तो बरोबरच घेऊन आला होता. हेही खटकायला हवं होतं म्हणाल, पण मला तेव्हा ती तत्परता वाटली. अँटीस्टॅटिक पिशवीवर कंपनीचं सील नव्हतं. स्क्रूच्या भोकांत चकाकते ओरखडे होते. विचारल्यावर म्हणाला, 'टेस्टिंगचे आहेत.' नव्या ड्राइव्हच्या भोकांत स्क्रू फिरल्याची खूण असूच शकत नाही. पिशवी फोडायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ करा, भोकं आणि कनेक्टरचे सोनेरी पट्टे जवळून टिपा, मग पैसे द्या.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, 'मग १८ टक्के जीएसटी वर, ताई, ४,१४० जास्त.' सीझनमध्ये कुठलं कुटुंब अल्बम मिळेपर्यंत पैसे सोडतं? हात आखडलेला, म्हणून आम्ही कच्च्या पावतीवर भागवलं. तिच्यावर दुकानाचं नावही नाही.

'डेटा शिफ्टिंग'च्या ३,५०० मध्ये त्याने काय केलं तेही ऐका. एक ड्राइव्ह काढला, नवा लावला, ट्रूनॅसच्या पडद्यावर रिप्लेस दाबलं आणि चहा घेऊन निघून गेला. रात्रभर रिसिल्व्हरिंग, म्हणजे नव्या ड्राइव्हवर डेटा पुन्हा भरणं, सिस्टीमने आपलं आपण केलं. सकाळी येऊन दुसऱ्या ड्राइव्हचं बटण दाबलं. हे करताना जर तशाच सडक्या केबलवरचा दुसरा ड्राइव्ह पूलमधून बाहेर पडला असता, तर अख्खा पूल गेला असता. त्याने आमच्या सगळ्या कामाचा जीव टांगणीला लावला आणि त्याचेच पैसे घेतले.

आठवडाभर सगळं ठीक. ड्राइव्ह बदलताना केबल काढून पुन्हा घट्ट बसली, एवढंच त्याचं कारण. मग त्याच दोन पोर्टांवर, आता त्याच्या 'नव्या' ड्राइव्हवर, पुन्हा एरर. फोन केला तर म्हणे मदरबोर्ड गेला असेल, १४,००० लागतील. तेव्हा कुठे मी जर्मनीत असलेल्या भाच्याला रिपोर्ट पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'मावशी, १९९ सोडून सगळं शून्य आहे. केबल बदल.' मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून प्रत्येकी १८० रुपयांच्या दोन केबल आणल्या. त्या दिवसापासून १९९ चा आकडा एकानेही वाढलेला नाही. तो मागे जात नाही, पूर्वीचा तसाच राहतो, पण पुढे सरकायचा थांबला की दोष गेला समजायचं.

भाच्याने पुढे विचारलं, 'ड्राइव्ह खरंच नवे आहेत का?' जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत मोठा घोटाळा उघड झाला होता. हाइसे या तिथल्या तंत्रज्ञान प्रकाशनाने दाखवून दिलं होतं की नव्या म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक सीगेट ड्राइव्ह हजारो तास वापरलेल्या होत्या आणि स्मार्टमधले तास पुसून शून्य केलेले होते. त्या चिया या, हार्ड ड्राइव्हवरच्या जागेच्या जोरावर कमावल्या जाणाऱ्या, क्रिप्टो चलनाच्या साठवणुकीतून आल्याचा संशय होता. २०२१ मध्ये चियाच्या नादात लोकांनी हार्ड ड्राइव्हचे ढीग विकत घेतले होते, आणि तो धंदा बसल्यावर तो माल कुठेतरी जाणारच होता.

स्मार्टमधले तास पुसता येतात, पण सीगेटच्या ड्राइव्हमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते. हे भामटे ती बहुधा पुसत नाहीत. ड्राइव्ह तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरची ७.४ किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि त्यातल्या स्मार्टसीटीएल कमांडला फार्मचा लॉग मागा. स्मार्ट सांगत होतं, ड्राइव्ह आमच्याकडे आल्यापासूनचे तेवढे तास. फार्म सांगत होतं एकावर ३१,२०४ तास, दुसऱ्यावर ३०,९७७. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड फिरलेल्या चकत्या मी ११,५०० ला घेतल्या. सीरियल नंबर टाकल्यावर वॉरंटीही संपलेली निघाली. ड्राइव्ह बनवणाऱ्यांचा यात दोष नाही, हे ड्राइव्ह 'नवे' म्हणून त्यांनी विकलेले नव्हेतच. आणि माझे दोन चांगले ड्राइव्ह, तीन वर्षांच्या वॉरंटीतलं एक वर्ष शिल्लक असलेले, त्याने बाराशे रुपयांत नेले. ते कुणाला तरी 'नवे' म्हणून विकले गेले असणार, याबद्दल मला शंका नाही. त्यावर आमच्या ग्राहकांच्या फोटोंचे तुकडे आहेत. चार ड्राइव्हपैकी दोघांवरून अख्खे अल्बम निघत नाहीत, म्हणून ते कुणाच्याही हातात जाऊ द्यायचे का? जुना ड्राइव्ह मेला असला तरी देऊ नका. भोक पाडा, कपाटात ठेवा, पण देऊ नका.

आता यंत्रणेचं सांगते, कारण दुकानदारापेक्षा जास्त संताप मला तिथे आला.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याशी बोलत होते. सर्व्हर मी चालवते, पैसे माझ्या खात्यातून गेले, बोलणं माझ्याशी झालं, पण माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ते त्याच्याकडे बघून 'मग साहेब?' म्हणायचे. मग निकाल दिला, 'ड्राइव्ह चालतोय ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.' जुना माल नवा सांगून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, हे मी सांगितल्यावर चेहरा आणखी कडक झाला. फार्मची छापील पानं पुढे केली तर म्हणाले, 'हे आकडे आम्हाला काय कळणार, एक्स्पर्टचा रिपोर्ट आणा.' एका खासगी लॅबने रिपोर्टचे १५,००० सांगितले. २६,८०० गेल्याचं सिद्ध करायला आणखी १५,०००! शेवटी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. पोच मात्र शिक्क्यासह भांडून घेतली, तुम्हीही घ्या. एफआयआर नाकारला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. मी पाठवली आहे. उत्तर नाही.

एका सरकारी मदतवाहिनीने ऐकवलं की वस्तू मिळाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, त्यामुळे हे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही. लिस्टिंगवाल्यांनी 'आम्ही फक्त माहिती देतो' म्हणून हात झटकले. मी लिहिलेला रिव्ह्यू आता दिसत नाही, साडेचार स्टार अजून झळकताहेत. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो आणि त्या सगळ्या वेळात तो माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी घरी 'टेन्शन घेऊ नका' म्हणत उभा असतो.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवरच्या बाबूंनी आधी बिल विचारलं. नाही म्हटल्यावर, 'मग कसं होणार?' ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. ज्याने बिल दिलं नाही त्याला सोडून ज्याला मिळालं नाही तिला अडवायचं! मग म्हणाले, 'धंद्यासाठी घेतलं ना, मग तुम्ही ग्राहक नाही.' हेही अर्धंच. पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेल्या कामाला लागणाऱ्या वस्तूचा खरेदीदार ग्राहकच धरला जातो, असं त्याच कायद्याच्या स्पष्टीकरणात आहे. मी ते पान दाखवल्यावर ते म्हणाले, 'ऑनलाइन टाका.' ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर टाकली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणून वकील परवडत नसला तरी टाका. चॅट आणि यूपीआयच्या नोंदी जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारं, प्रमाणपत्र तयार ठेवा, नाहीतर त्यावरून पुन्हा परत पाठवतात. माझं एकदा परत आलं.

सध्या तक्रार दाखल आहे, नोटीस निघायची आहे. दुकानदाराने माझा नंबर ब्लॉक केला आहे. त्याचे दोन्ही ड्राइव्ह मी पूलमधून काढून, फार्मच्या नोंदीसकट, पुरावा म्हणून सील करून ठेवले आहेत. त्यांच्या जागी बिलासकट नवे घेतले, तो खर्च वेगळाच.

कुणाच्या सर्व्हरवर आज असे एरर दिसत असतील तर कुणालाही बोलावण्याआधी ५, १९७, १९८ आणि १९९ च्या रॉ व्हॅल्यू लिहून घ्या, सर्व्हर बंद करून केबल बदला, पोर्ट बदलून बघा, रात्रभर लाँग टेस्ट लावा. तुमच्या प्रत्येक ड्राइव्हचा सीरियल नंबर आत्ताच एका कागदावर उतरवून सर्व्हरबाहेर ठेवा. माझ्याकडे नेलेल्या दोन ड्राइव्हचे नंबर होते म्हणून निदान अर्जात लिहिता आले.