कंपनीच्याच स्क्रीनमध्ये केलेले उद्योग, आणि अपडेटनंतर त्यातलं काय उरलं

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीत बाहेरचा अँड्रॉइड प्लेयर बसवून देणारे पायलीला पन्नास मिळतात. मला ते नको होतं. स्टीअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा कंपनीच्या स्क्रीनशी नीट जोडलेले आहेत, त्यामुळे बदललं ते फक्त सॉफ्टवेअर. पावसाळ्याआधी केलं, आता दिवाळीही झाली. मधे कंपनीचं मोठं अपडेट आलं, आणि खरी परीक्षा तिथेच झाली.

आत अँड्रॉइडच आहे. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, यूएसबी डीबगिंग चालू करून लॅपटॉपवरून एपीके, म्हणजे ॲपच्या इन्स्टॉल फाइल्स, टाकता येतात. व्हीएलसी, फाइल मॅनेजर आणि ऑफलाइन नकाशे टाकले. सोसायटीच्या बेसमेंटला नेटवर्क नाही, तिथे बसूनच रस्ता लावता येतो ही मोठी सोय. कोस्टल रोडच्या बोगद्यात मात्र या नकाशाचा बाण थिजतो. कंपनीचा नकाशा चाकांच्या सेन्सरवरून अंदाज घेत पुढे सरकत राहतो. चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करणारा बदलही लोक करतात. त्याला हात लावला नाही, लावूही नये.

दुसरा उद्योग फाँटचा. पेनड्राइव्हवरचं कुमार गंधर्वांचं फोल्डर स्क्रीनवर ‘गंधर्‌ व’ असं दिसायचं, र पाय मोडून बाजूला पडलेला. रूट करून, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार मिळवून, सिस्टिम पार्टिशनमध्ये (मूळ सॉफ्टवेअरच्या कप्प्यात) नोटो सान्स देवनागरी हा फाँट टाकला आणि रफार जागेवर बसला. खोटं कशाला सांगू, गाडीची डिलिव्हरी घेतानाही एवढा आनंद झाला नव्हता.

मग अपडेट आलं. डाउनलोड पूर्ण, इन्स्टॉल फेल, पुन्हा तेच. कारण सरळ आहे. अशा अपडेटमध्ये अख्खी सिस्टिम नसते, जुन्या-नव्यातला फरक तेवढा असतो. तो लावण्याआधी जुन्या पार्टिशनच्या ब्लॉकचे हॅश, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे, तपासले जातात, आणि एक फाँट बदललेला असला तरी ताळा जुळत नाही. शेवटी पूर्ण पॅकेज पेनड्राइव्हवरून चढवलं. सिस्टिम कोरी झाली: फाँट गेला, रूट गेलं. वेगळ्या कप्प्यातली, म्हणजे डेटा पार्टिशनमधली, ॲप्स मात्र डाउनलोड केलेल्या नकाशांसकट जशीच्या तशी राहिली. फक्त डेव्हलपर ऑप्शन्सना आता कोड लागतो, आणि जुनं व्हर्जन परत टाकायला गेलं तर स्क्रीन ते नाकारते.

दार बंद केल्याचा राग नाही. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी चालती जीप चेरोकी लांबून ताब्यात घेतली, ती इन्फोटेनमेंटमधूनच, म्हणजे अशाच स्क्रीनच्या सिस्टिममधून, शिरून. त्यानंतर फियाट क्रायस्लरला अमेरिकेत 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. राग आहे तो अपडेटच्या माहितीत ‘स्टॅबिलिटी सुधारणा’ एवढंच लिहून मोकळं होण्याचा. सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर वॉरंटीचं पालुपद.

अपडेटचा फायदाही आहे. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा आता लगेच येतो. आमच्या पार्किंगमधले खांब बघता हे फाँटपेक्षा महत्त्वाचं. म्हणून वॉरंटी असेपर्यंत ॲप्सच्या पुढे जाऊ नका, सिस्टिमला हात नको. मराठी नावांसाठी अँड्रॉइड ऑटो वापरा. त्यात स्क्रीनवरचं चित्र फोन तयार करून पाठवतो, त्यामुळे फाँटही फोनचाच. पेनड्राइव्हच लावायचा असेल तर फोल्डरची नावं रोमनमध्ये ठेवा.