आयर्न मेडन लाइव्ह: आधी कोणतं ऐकावं?

आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड लाइव्ह ऐकायचं म्हटलं की जुनेजाणते डोळे झाकून ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या अल्बमचं नाव घेतात. सल्ला वाईट नाही, पण त्यापुढे आणखी दोन नावं ठेवल्याशिवाय निवड करू नये: ‘रॉक इन रिओ’ आणि ‘फ्लाइट ६६६’. तिन्हीकडे गायक ब्रूस डिकिन्सन, बासवर स्टीव्ह हॅरिस, ड्रम्सवर निको मॅकब्रेन. ‘द ट्रूपर’, ‘रन टू द हिल्स’, ‘हॅलोड बी दाय नेम’ अशी सहा गाणी तिन्हीकडे आहेत. तरीही तीन वेगळे बँड ऐकल्यासारखं वाटतं. याचं कारण उरलेल्या यादीत आहे, आणि त्या रात्री ती गाणी किती जुनी होती यात.

‘लाइव्ह आफ्टर डेथ’ १९८५चा. त्याचा मोठा भाग त्या वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात रेकॉर्ड झाला. आज आपण तो ‘सदाबहार गाण्यांचा अल्बम’ म्हणून ऐकतो, पण लाँग बीचच्या लोकांसाठी तो तसा नव्हताच. ‘एसेस हाय’, ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’, ‘पॉवरस्लेव्ह’ आणि तेरा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शन्ट मॅरिनर’ ही चारही गाणी सप्टेंबर १९८४च्या अल्बममधली, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं एवढं लांब नवं गाणं ऐन कार्यक्रमात घालायला छाती लागते. दौरा लांबलचक झाल्याने डिकिन्सनचा आवाज काही ठिकाणी फाटतो. मला तो तसाच आवडतो. सफाईदार गायकी हवी असेल, तर मात्र इथून सुरुवात करू नका.

‘रॉक इन रिओ’वर जरा जास्त बोलायला हवं, कारण तोच सगळ्यात कमी सुचवला जातो. तारीख १९ जानेवारी २००१, ठिकाण ब्राझीलमधलं रिओ, समोर अडीच लाखांच्या आसपास माणसं. १९९३मध्ये सोडून गेलेला डिकिन्सन १९९९मध्ये परतला, सोबत गिटारिस्ट एड्रियन स्मिथही आला. पण स्मिथच्या जागी घेतलेल्या यानिक गर्सला कुणी काढलं नाही, म्हणून गिटार तीन झाल्या. आता अशा पुनर्मिलनाच्या वेळी कुठलाही बँड काय करेल? लोकांना पाठ असलेली गाणी वाजवेल आणि टाळ्या घेईल. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या मैफलीत नवी चीज सुरू झाली की अर्धं सभागृह चहाला उठतं, तोच धोका इथेही होता. मेडनने अठरा गाण्यांपैकी सहा त्याआधीच्या वर्षीच आलेल्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधून घेतली, आणि सुरुवातीची तीन सलग त्यातलीच. वर ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ ही मधल्या काळातला गायक ब्लेझ बेलीच्या अल्बममधली गाणीही ठेवली. दुसऱ्याच्या वाट्याची गाणी डिकिन्सनने अशी गायली आहेत की मूळ रेकॉर्डिंग मागे पडावं. ‘फिअर ऑफ द डार्क’मध्ये तर गिटारची धूनच लोक गातात; शब्द नसलेला भाग लाखोंच्या तोंडून ऐकणं हा वेगळाच प्रकार आहे. एकच कुरबूर: ‘ड्रीम ऑफ मिरर्स’ लांबलंय.

‘फ्लाइट ६६६’ हे मुळात २००८च्या दौऱ्यावरचं माहितीपट-प्रकरण. माणसं आणि सामान एकाच बोइंग ७५७मध्ये भरून, स्वतः डिकिन्सन वैमानिक, ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. एरवी जिथे सामान पोचवणंच परवडलं नसतं, अशी शहरं त्यामुळे यादीत आली. पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. अल्बममधलं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे आणि सुरुवातीचं ‘एसेस हाय’ मुंबईचं. ब्रिटनच्या हवाई लढाईवरचं गाणं, त्याआधी चर्चिलचं भाषण, आणि ओरडतायत मुंबईकर! वेगवेगळ्या शहरांतल्या गाण्यांची ही जोडाजोड जमते, कारण मेडन दौऱ्यात रोज जवळपास तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतात. नेमकी यादीच इथे कमकुवत आहे. सोळा गाण्यांपैकी पंधरा ऐंशीच्या दशकातली, आणि त्यातली दहा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’वर आधीच आहेत. २००६च्या दौऱ्यात याच बँडने तेव्हाचा नवा अल्बम अख्खा वाजवून दाखवला होता, लोकांची नाराजी पत्करून. त्या मानाने २००८ची यादी फर्माइशीची आहे. वादन चोख, आवाज ठणठणीत, पण धोका पत्करलेला दिसत नाही.

तेव्हा मेडन अजिबात ऐकलं नसेल, तर ‘रॉक इन रिओ’ घ्या. पन्नाशीकडे झुकलेली माणसं नव्या गाण्यांवर का विसंबली, हे तिथे कळतं. हार्ड रॉक आधीच अंगवळणी पडलं असेल आणि वेग हवा असेल, तर लाँग बीच. पडद्यावर बघायचं असेल, किंवा त्या रात्री तुम्ही वांद्र्याला गर्दीत होतात, तर ‘फ्लाइट ६६६’. मात्र नुसत्या कानांसाठी त्यावर पैसे घालू नका.

‘लाइव्ह आफ्टर डेथ’ची जुनी सीडी कुणी स्वस्तात देत असेल, तर मागची यादी आधी वाचा. मूळ दोन रेकॉर्ड्स एका सीडीत बसवताना लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली पाच गाणी वगळली होती, त्यात ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ही गेलं. १९९८पासूनच्या दोन सीडींच्या आवृत्तीत ती परत आली आहेत, तीच घ्यावी.