अलास्कातील मूस-शिकारीसाठी विमानसेवा : एका ट्रान्सपोर्टरचे परीक्षण

अलास्कात रस्ता जिथे संपतो, तिथून पुढची मोठ्या जनावरांची शिकार लहान विमानाच्या भरवशावरच चालते. शिकाऱ्यांना सामानासह एखाद्या तळ्याकाठी किंवा नदीपात्रातील खडीच्या पट्ट्यावर सोडायचे आणि ठरलेल्या दिवशी त्यांना मांसासह परत आणायचे, एवढेच काम करणाऱ्या व्यावसायिकाला तिथे ट्रान्सपोर्टर म्हणतात. तो गाइड नसतो. जनावर शोधून देणे, शिकाऱ्याबरोबर माग काढणे किंवा मांस सोलून वाहून आणणे त्याच्या परवान्यात बसत नाही. पश्चिम अलास्कातील अशाच एका सेवेबरोबर आम्ही सप्टेंबरातील मूसच्या, म्हणजे थंड प्रदेशातल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीचा बेत आखला आणि पार पाडला. पुढे काही तक्रारीही नोंदवायच्या असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही, पण तिची पारख कशी केली हे सविस्तर सांगतो, कारण अशी सेवा निवडताना बहुतेक जण शिंगांच्या छायाचित्रांकडे पाहतात आणि ज्या गोष्टीवर सगळी सहल उभी असते, त्या वजनाबद्दल विचारतही नाहीत.

पहिल्याच फोनवर या सेवेच्या चालकाने आम्हाला किती मोठी शिंगे हवी आहेत हे विचारले नाही. आमच्यापैकी प्रत्येकाचे बुटांसह वजन किती, आम्ही याआधी मोठे जनावर सोलले आहे का आणि तळापासून किती अंतरापर्यंत मांस पाठीवर वाहून आणण्याची आमची तयारी आहे, हे त्याचे पहिले तीन प्रश्न होते. माझ्या मते या सेवेची गुणवत्ता तिथेच दिसली. अलास्काच्या वन्यजीव खात्याच्या माहितीनुसार सुमारे १६०० पाउंडांच्या मूसपासून ५०० पाउंडांच्या आसपास खाण्याजोगे मांस मिळते, आणि कायद्यानुसार ते सगळे बाहेर आणावेच लागते : चारही पाय, मान, छातीचा भाग, कण्यालगतचे मांस आणि बरगड्यांवरचेसुद्धा. मांस रानात सोडून शिंगे घेऊन येणे हा तिथे गंभीर गुन्हा आहे. शिंगे मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच हलवता येतात. त्यामुळे तळापासून दीड मैलापलीकडे, दलदलीत उभ्या असलेल्या मूसवर गोळी झाडू नका, मग तो कितीही मोठा असो, असे त्याने आम्हाला निक्षून सांगितले. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला होकार देणाऱ्या सेवेकडून असा सल्ला मिळत नाही.

परवान्यांबाबतही त्याची माहिती अचूक होती. अलास्काबाहेरच्या अमेरिकी नागरिकाला मूस आणि कॅरिबूची (रानटी रेनडिअरची) शिकार गाइडविना करता येते. मात्र तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांच्यासाठी परवानाधारक गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असावा लागतो. भारतातून किंवा अन्य देशातून खास शिकारीसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकाला तर कोणत्याही मोठ्या जनावरासाठी गाइड बंधनकारक आहे, त्यामुळे अशा वाचकांना ही सेवा एकट्याने उपयोगी पडणार नाही. आम्हाला शिकारीचा परवाना १६० डॉलर आणि मूसचा टॅग (त्या एका जनावरासाठीचा सरकारी बिल्ला) ८०० डॉलर असा सरकारी खर्च आला, जो सेवेच्या शुल्कापेक्षा वेगळा असतो. बाहेरून येणाऱ्यांसाठी अनेक विभागांत मूसच्या शिंगांचा पसारा किमान ५० इंच असावा किंवा कपाळालगतच्या टोकांची संख्या नियमात सांगितल्याइतकी असावी, अशी अट असते. ही टोके दुर्बिणीतून कशी मोजायची याची रेखाचित्रे सेवेने आधीच पाठवली होती आणि त्यांचा आम्हाला प्रत्यक्ष उपयोग झाला.

चालकाच्या प्रामाणिकपणाची आणखी एक खूण नोंदवतो. आमच्यापैकी एकाला मूसऐवजी कॅरिबू हवा होता. चालकाने त्याला स्पष्ट नकार दिला आणि कारणही सांगितले : १९९० च्या दशकात सुमारे दोन लाखांवर पोहोचलेला त्या भागातला मुल्चाटना नावाचा कॅरिबूंचा कळप पुढे १५ हजारांच्याही खाली घसरला आणि तिथली शिकार बंद करावी लागली, उत्तरेकडचा पश्चिम आर्क्टिक कळपही २००३ मधील ४ लाख ९० हजारांवरून फार आटला आहे. जुन्या काळची छायाचित्रे दाखवून कॅरिबूची सहल विकणे त्याला अवघड नव्हते.

प्रत्यक्ष निघण्याच्या सकाळी हँगरमध्ये जे पाहिले, ते मला सर्वांत समाधानकारक वाटले. फरशीवरच्या काट्यावर प्रत्येक पिशवी चढत होती, वैमानिक स्वतः आकडा वहीत लिहीत होता, आणि आम्हीही पूर्ण पोशाखानिशी एकेक करून त्या काट्यावर उभे राहिलो. माणशी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जे जास्त भरले, ते त्याने शांतपणे बाजूला काढायला लावले : दुसरी घडीची खुर्ची, काचेच्या बरण्या, जादा बूट. बंदुकीच्या ज्या कडक पेट्या प्रवासी विमानासाठी सक्तीच्या असतात, त्या लहान विमानात मावत नाहीत. त्या हँगरमध्ये ठेवून बंदुका मऊ आवरणात घालाव्या लागल्या. अस्वलासाठीचा तिखट फवारा केबिनमध्ये फुटला तर वैमानिक आंधळा होईल, म्हणून त्याचे डबे फ्लोटच्या, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या तराफ्याच्या, पोकळ कप्प्यात गेले. प्रवासी विमानातून चुलीचे इंधन आणि हा फवारा, दोन्ही नेता येत नाहीत, म्हणून सेवेने दोन्ही वस्तू आमच्यासाठी आधीच आणून ठेवल्या होत्या. अशा बारीकसारीक गोष्टींत हयगय न करणाऱ्या माणसावर हवामानाच्या निर्णयाबाबतही विश्वास टाकता येतो.

विमान होते डी हॅविलँड बीव्हर, १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालेले आणि १९६७ पासून उत्पादन थांबलेले, तरीही भरलेल्या वजनानिशी छोट्या तळ्यावरून उठण्याच्या क्षमतेमुळे आजही मागणी असलेले. काही सेवा वैमानिकामागे एकच प्रवासी घेणारे सुपर कब वापरतात. ते अगदी आखूड पट्ट्यावर उतरते, पण संपूर्ण मूस बाहेर काढायला त्याला बऱ्याच फेऱ्या लागतात. हा फरक दरपत्रक वाचतानाच लक्षात घ्यावा.

पोहोचलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. विमानातून उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत थांबावे लागते. आम्ही तो वेळ तंबू ठोकण्यात आणि त्यापासून बऱ्याच अंतरावर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, मांस टांगण्याची आडवी बल्ली बांधण्यात घालवला. बल्लीवर ताडपत्री कशी ताणायची, म्हणजे पाऊस लागणार नाही पण चारही बाजूंनी वारा खेळता राहील, हे वैमानिकाने जाण्यापूर्वी हातवारे करून दाखवले होते. मांस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले की आतल्या उष्णतेने ते हाडाजवळ आंबू लागते. सच्छिद्र कापडी पिशव्यांत घालून टांगले तर बाहेर कोरडी साय धरते आणि माशांनाही अंडी घालायला जागा उरत नाही. सेवेने दिलेल्या पिशव्या दणकट होत्या आणि एका मूसला पुरून उरल्या.

आता तक्रारी. भाड्याने घेतलेल्या तंबूची एक काठी आधीच वाकलेली होती आणि दुरुस्तीची नळी सोबत नव्हती. वाऱ्याच्या प्रदेशात हे क्षम्य नाही, आणि तंबू प्रत्येक गटानंतर उभा करून तपासलाच पाहिजे. त्याहून मोठी तक्रार पैशांबाबत आहे. दरपत्रकात शिकाऱ्यांना नेण्या-आणण्याचा खर्च होता, पण मांसासाठी लागणाऱ्या जादा फेरीचे शुल्क एका तळटीपेत, तेही तासाच्या हिशेबाने दिलेले होते. जी सेवा फोनवर मांसाविषयी इतक्या आग्रहाने बोलते, तिने हा आकडा पहिल्याच पानावर ठळकपणे छापायला हवा, कारण या खर्चाचा धसका घेतलेला शिकारी मांस सोडून यायचा मोह धरू शकतो. परतीच्या वेळी धुक्यामुळे विमान ठरलेल्या दिवशी आले नाही. त्याबद्दल मी सेवेला दोष देत नाही. जादा दिवसांचे अन्न बरोबर घ्या असे त्यांनी लेखी कळवले होते. पण उपग्रह संदेशयंत्रावर आम्ही पाठवलेल्या संदेशांना संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हते, आणि ‘आज येत नाही, मांस टांगलेलेच ठेवा’ एवढे दोन शब्द सकाळी आले असते, तर आम्ही उतरवून काठावर रचलेले मांस दिवसभर तसे पडले नसते.

ज्यांना मोठे जनावर सोलण्याचा आणि ओझे वाहण्याचा सराव आहे, त्यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. नवख्यांनी गाइडकडेच जावे. नोंदणीपूर्वी ट्रान्सपोर्टरचा राज्य परवाना आणि हवाई वाहतुकीचे प्रमाणपत्र पडताळून घ्या, मांसाच्या फेरीचा दर ईमेलवर मागा, आणि हवामानामुळे उशीर झाल्यास रोज किती वाजता संदेश मिळेल, ही वेळ लेखी ठरवून घ्या.