अंदमान की लक्षद्वीप? पोरांना कासवं दाखवायची असतील तर

आम्ही दोन्हीकडे जाऊन आलोय, अंदमानला सासू-सासरे सोबत होते आणि लक्षद्वीपला फक्त आम्ही चौघं, म्हणून सांगते की हा निर्णय बजेटपेक्षा सोबत कोण आहे यावर घ्या.

अंदमानला कटकट कमी. हॅवलॉक, नीलला (आता स्वराज द्वीप, शहीद द्वीप) जायला भारतीयांना परमिट लागत नाही, चेन्नईहून विमानाने पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) दोन-सव्वादोन तासांत पोचतो, पुढे फेरी, हॉटेलं सगळ्या बजेटची. शिवाय सेल्युलर जेल आहे. सावरकरांच्या कोठडीसमोर सासरे बराच वेळ नुसते उभे होते, त्यांच्यासाठी ट्रिप तिथेच वसूल झाली. पोरांना नील जास्त आवडलं, ओहोटीला लक्ष्मणपूरच्या खडकांत पाणी साचतं आणि त्यात छोटे मासे, खेकडे, समुद्रकाकडी असं सगळं भिजल्याशिवाय बघायला मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा, हिवाळ्यात तिकडे पाचच्या आसपासच सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर निघा. आणि खाडी किंवा खारफुटीजवळ मगरीचा बोर्ड दिसला तर तो खरा माना, पोरांना तिथे पाण्यात सोडूच नका.

पण पाण्यातलं जग बघायचं तर माझं मत लक्षद्वीपला. स्कूबाला वयाची अट साधारण दहा वर्षं, आमची धाकटी सात वर्षांची, म्हणजे अंदमानला तिला लांबूनच समाधान मानावं लागलं. लक्षद्वीपमधल्या अगत्तीला मात्र बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्यामुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आत लगूनचं पाणी शांत, बऱ्याच ठिकाणी कमरेएवढंच, त्यात हिरवी कासवं समुद्री गवत चरत असतात. लाइफ जॅकेट घालून पोरगी पाण्यात तोंड खाली करून तरंगत होती, आणि एक कासव श्वास घ्यायला तिच्यापासून चार-पाच हातांवर वर आलं. ती संध्याकाळपर्यंत धड बोललीच नाही.

त्या बदल्यात तयारी जास्त. भारतीयांनाही परमिट लागतं, ते हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. कोचीहून छोटं विमान किंवा चौदा-पंधरा तासांच्या वर बोट, राहायच्या जागा मोजक्या, जेवणात टूना आणि खोबरं, शुद्ध शाकाहारी असाल तर आधीच कळवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला बोटीतून चढ-उतार त्रासाची होते.

दोन्हीकडे कासवाच्या मागे पोहत जाऊ नका, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. प्रवाळावर पाय ठेवू नका. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले होते, ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मेलेला तुकडाही खिशात घालू नका, कायद्याने बंदी आहे.

तारखांचं म्हणाल तर दिवाळीत अंदमानला पावसाची शक्यता असते आणि लक्षद्वीप मेच्या मध्यानंतर सोडूनच द्या, त्यामुळे नाताळची सुट्टी धरा, आणि लक्षद्वीप ठरलं तर परमिटच्या मागे दोन-तीन महिने आधीच लागा.