ब्लीचिंग आणि पाइपचं दुकान, गंजगोलाईची मागची गल्ली, लातूर: चार स्टार

मी औसा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. टाकी भरणं, व्हॉल्व्ह सोडणं, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) टाकणं आणि पाणी उशिरा आलं की बायाबापड्यांची बोलणी खाणं, ही सगळी माझी खाती. त्यामुळं हा रिव्ह्यू घरच्या बाथरूमसाठी नळ घेणाऱ्यापेक्षा ग्रामपंचायतीसाठी माल उचलणाऱ्याच्या जास्त कामाचा.

ब्लीचिंगच्या दुकानाची पारख भावावरून होत नाही. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. ऊन, ओल, उजेड लागला की ते उडत राहतं, अन् काट्यावर पोतं मात्र 25 किलोच भरतं. आधी आम्ही ज्या पुरवठादाराकडून घ्यायचो (नाव नको) त्याचं गोडाऊन पत्र्याचं. एप्रिल-मेमध्ये आत पाच मिनिटं उभं राहवत नाही, तिथं ही पोती महिनोन् महिने पडलेली. आमच्या गावी आलेलं एक पोतं उघडलं तर आत ढेकळं. नाकाला झोंबायला पाहिजे तो वास नाही, हातात घेतली तर ओलसर चुन्यासारखी. डोस नेहमीचाच टाकला, हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे आमच्या 50 हजाराच्या टाकीला पाव किलो. तासाभरानं मारुतीच्या देवळामागच्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे (क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणारं तपासणीचं द्रावण) थेंब टाकले, तर पिवळेपणाचा मागमूस नाही. तिथं निदान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन उरलं पाहिजे. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. 20 टक्क्यांच्या खालची पावडर वापरायचीच नसते, ही तर त्याहून खाली निघाली.

या दुकानात फरक असा, की काउंटरवरचा पोरगा स्वतःहून पोतं फिरवून उत्पादनाचा महिना दाखवतो. मागच्या खेपेला म्हणाला, "मामा, हा लॉट तीन महिन्यांमागचा आहे. घाई नसंल तर सोमवारी या, नवी गाडी येणार आहे." पदरचं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आमच्याकडं विरळाच. माल खालच्या पक्क्या खोलीत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटा ठेवलेला. ॲसिडचे कॅन दुसऱ्या खोलीत. हे मी मुद्दाम बघतो, कारण ब्लीचिंगशेजारी ॲसिड, डिझेल किंवा युरिया ठेवणं म्हणजे आफतीला आवतण, आणि कृषी केंद्राच्या गोडाऊनमध्ये हे सर्रास चालतं.

पोत्यावर आयएसआयचा छाप आहे, खाली आयएस 1065 (ब्लीचिंग पावडरचं भारतीय मानक) आणि सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये (भारतीय मानक ब्युरोचं ॲप) टाकला तर परवाना कोणाचा, चालू आहे की बंद, लगेच कळतं. मी दुकानातच टाकून बघितला. मालकानं तोंड वाकडं केलं नाही, उलट "बघा की" म्हणाला. पण हा छाप कारखान्यातल्या मालाची हमी देतो. पुढं लातूरच्या उन्हात पोत्याचं काय झालं, ते छापाला काय माहीत? म्हणून छाप आणि तारीख, दोन्ही बघायचं.

पाइपही इथूनच घेतला. पीव्हीसी पाइप उष्णतेनं खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाचं स्टॅबिलायझर घालायची पद्धत होती. ते शिसं पाण्यात उतरतं, आणि लेकरांच्या मेंदूला ते वाईट. केंद्र सरकारनं 2021 मध्ये त्यावर नियम काढले. इथं 63 एमएमच्या पाइपावर आयएस 4985 आणि शिसेमुक्त असल्याची छपाई सरळ, न पुसणारी होती. साध्या काळ्या टाकीलासुद्धा 12701 नंबर असतो, तोही दाखवला. प्रशिक्षणात ऐकलं होतं, अमेरिकेत पाण्यात टाकायच्या रसायनांना एनएसएफ 60 आणि पाण्याला लागणाऱ्या पाइप-फिटिंगला एनएसएफ 61 अशी मानकं आहेत. इंग्लंडात तर अशा मालाच्या मंजुरीसाठी वेगळा नियमच आहे, 31 नंबरचा. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याला 10500 आहे, मालाला हे सुटे सुटे नंबर आहेत, आणि ते वाचायचं काम शेवटी माझ्यासारख्यावर येतं. गुत्तेदार काही वाचत नाही.

भाव थोडा चढा आहे, हे खरं. ग्रामसेवकांनी तीन कोटेशनं मागवली तेव्हा हे सगळ्यात महाग निघालं. मी सरपंचताईंना मासिक बैठकीत हिशोब मांडून दाखवला: 33 टक्क्यांच्या पोत्यात सव्वाआठ किलो क्लोरीन, 20 टक्क्यांच्या पोत्यात पाचच किलो. म्हणजे हलक्या प्रतीचं पोतं एक तृतीयांशानं स्वस्त मिळालं तरी महागातच पडतं. ताई म्हणाल्या, "आपण क्लोरीन विकत घ्यायलोत का पोतं?" ठराव तिथंच झाला.

आता एक स्टार का कापला. किरकोळ गिऱ्हाइकासाठी हेच लोक पोतं फोडून पातळ कॅरीबॅगमध्ये किलो-दोन किलो बांधून देतात, आणि ते फुटलेलं पोतं दिवसभर दारात उघडं. एवढं कळणाऱ्या माणसानं हे करू नये. झाकणाचा डबा ठेवायला काय जातं? सुटी अजिबात घेऊ नका, त्यावर ना तारीख ना नंबर. ओटीचं द्रावण त्यांच्याकडं कधी असतं, कधी नसतं. जीएसटीचं पक्कं बिल मागितलं की अर्धा तास बसवतात.

गोलाईत टेम्पो उभा करायला जागा मिळत नाही, सकाळी दहाच्या आत जा. ताडपत्री स्वतःची न्या, ते देत नाहीत, आणि औशापर्यंत पोतं उघड्यावर आणलं तर एवढी तारीख बघून घेतल्याचा काही उपयोग नाही.