ब्राह्मीचा अक्षरतक्ता: पांडवलेण्यात नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर नाशिकमधल्या एका प्रदर्शनात ब्राह्मी या प्राचीन लिपीचा हा तक्ता दोनशे रुपयांना घेतला. तेव्हापासून तो फ्रीजवर लावलेला आहे आणि भिंतींवर कोरलेले लेख वाचायला अकरा वेळा पिशवीत घालून पांडवलेण्यात, म्हणजे नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांत, नेला आहे. आता त्याच्याबद्दल नीट सांगता येईल असं वाटतं.

वस्तू साधी आहे. मोठ्या आकाराचा जाड कागद, दोन्ही बाजूंना लॅमिनेशन. पुढे ब्राह्मीचे स्वर आणि व्यंजनं, प्रत्येकाखाली देवनागरी अक्षर. मागे 'क'ची बाराखडी आणि थोडी जोडाक्षरं. छपाई स्वच्छ आहे, रंग उडालेला नाही, कोपरे मात्र सुटायला लागलेत.

घरी शिकायला तक्ता उत्तम. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ, 'ग' म्हणजे घराचं छप्पर. भाजी शिजेपर्यंत रोज चार अक्षरं गिरवली आणि महिन्याभरात हाताला बसली. मग मोठ्या आत्मविश्वासाने दहा नंबरच्या लेण्यात गेले, टॉर्च लावला आणि एक ओळसुद्धा लागली नाही. 'म' ओळखू येईना, 'व' ओळखू येईना. तक्ताच चुकीचा छापलाय अशी माझी खात्री झाली होती.

तक्ता चुकीचा नव्हता, पण त्यावर एक गोष्ट लिहायला हवी होती. त्यातली अक्षरं अशोकाच्या काळातली, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली आहेत. दहा नंबरचं लेणं क्षहरात घराण्यातल्या नहपान क्षत्रपाच्या (क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता) जावयाने, उषवदाताने, त्यानंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी दिलं. तोवर अक्षरांच्या डोक्यावर जाड टोपी आली होती, 'म' आणि 'व' यांचं गोल बूड त्रिकोणी झालं होतं, 'ग'चं छप्पर कमानीसारखं वळलं होतं. महाराष्ट्रात तक्ता विकायचा आणि सातवाहन-क्षत्रप काळाची वळणं द्यायची नाहीत, हा या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष. नाणेघाट, कार्ले, जुन्नर, नाशिक असा सगळा ठेवा आपल्या दाराशी असताना ही उणीव फार जाणवते. मी शेवटी न पुसणाऱ्या पेनने प्रत्येक अक्षराशेजारी दुसरं वळण काढून घेतलं. त्यानंतर तक्ता खऱ्या अर्थाने कामाला आला.

मी पतसंस्थेत ठेवींच्या खिडकीवर सव्वीस वर्षं काम करते. म्हणून असेल, पण मला त्या भिंतीवर पहिल्यांदा लागलेला शब्द 'काहापण' होता. कार्षापण, म्हणजे चांदीचं नाणं. तिथून पुढे-मागे सरकत, छापील पाठाशी ताडत, चार फेऱ्यांत एक लेख पुरा केला. त्यातच दिलेल्या नोंदीप्रमाणे ४२ व्या वर्षातला तो लेख म्हणजे ठेवीची पावती आहे. उषवदाताने तीन हजार काहापण 'अखयनिवि' म्हणून दिले. अखयनिवि म्हणजे मुद्दल कधीच मोडायचं नाही अशी ठेव. पैसे ठेवले कुठे, तर गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एकीकडे २००० 'पडिकशत' दराने, म्हणजे दरमहा दरशेकडा एक. दुसरीकडे १००० 'पायूनपडिकशत' दराने. हा 'पायून' म्हणजे आपला पाऊण. दरमहा दरशेकडा पाऊण.

पुढे लिहिलंय की पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा काहापण द्यायचे. सोबत भाचा होता. त्याने मोबाईलवर हिशोब केला आणि ओरडलाच, "मावशी, बरोब्बर जुळतंय!" दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. आम्ही दोघं तिथेच ओट्यावर बसलो. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद होतात, ते भिक्खूंच्या इतर खर्चाला.

'एते च काहापणा अपडिदातवा वधिभोजा.' हे काहापण परत द्यायचे नाहीत, फक्त वृद्धी भोगायची. इतकी नेमकी अट मी आमच्या छापील फॉर्मवर पाहिलेली नाही. शेवटी नोंद येते की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवलं. म्हणजे राजाच्या जावयाचा पैसा असला तरी व्यवहार गावाच्या सभेसमोर झाला, आणि तो पैसा सांभाळण्याइतकी पत विणकरांची होती. शाळेत इतिहासात आम्हाला राजे, लढाया आणि सनावळ्या होत्या. विणकरांची पतपेढी कुणी शिकवली नाही.

शब्दांचं तर काय सांगू. 'बे', 'वीसाय', 'बारसक', 'अठ'. ज्या गावातली नारळाची आठ हजार झाडं दिली त्याचं नाव 'चिखलपद्र', आणि नारळ म्हणजे 'नाळिगेर'. उषवदाताची बायको दखमिता, नहपानाची मुलगी, तिने दिलेल्या खोलीला शब्द आहे 'ओवरक'. देवळाची ओवरी म्हणताना आता दर वेळी मला ती आठवते. याच लेण्याच्या अंगणात नंतरच्या काळचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाची बाई आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवते, आणि ठेव घेणाऱ्यांत कुंभार आहेत, पाण्याची यंत्रं करणारे आहेत, तेली आहेत. तो लेख बराच झिजलाय, मला त्यातली अर्धीच अक्षरं लागली.

तक्त्याचा दुसरा दोष म्हणजे अंक नाहीत. एकही नाही. आर्थिक व्यवहारांचे लेख अंकांवाचून अर्धे राहतात. ४२ हे ४० ची एक खूण आणि तिच्यापुढे २ च्या दोन आडव्या रेघा असं लिहितात, कारण शून्य नाही आणि स्थानावरून किंमतही ठरत नाही. हजाराची वेगळी खूण, तिला जोड लावून दोन हजार, तीन हजार. अंक अक्षरांतही लिहिलेले असतात म्हणून निभावलं. बनवणाऱ्यांनी मागच्या बाजूची जोडाक्षरं थोडी दाटीने छापली तर अंकांना जागा सहज होईल.

वापरताना कळलेल्या काही गोष्टी. टॉर्च समोरून धरला तर अक्षर सपाट दिसतं, बाजूने तिरका धरला की खोदकामात सावली पडते आणि ते उठून येतं. लॅमिनेशन मात्र टॉर्चच्या उजेडात इतकं चमकतं की तक्ता दर वेळी वाकडा करून बघावा लागतो, मॅट हवं होतं. आणि कृपा करून अक्षरांवरून बोट किंवा खडू फिरवू नका. दोन हजार वर्षं टिकलेली कड आपल्या हौसेने जायला नको.

हल्ली मी तीन नंबरच्या लेण्यात बसते. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम आहे, त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा. विजयछावणीतून गोवर्धनच्या अमात्याला कळवलंय की उसभदताने (हा बहुधा आपला उषवदातच) आजवर भोगलेलं शेत, 'निवतनसतानि बे', दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं माप), भिक्खूंना दिलं. शेताला सवलती आहेत: राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. 'अलोणखादक' हा शब्द फोडायला मला पंधरा दिवस लागले. एरवी मिठासाठी जमीन खणण्याचा हक्क राजाचा होता, हे त्या एका शब्दावरून कळतं.

आणि त्याच्याच खाली २४ व्या वर्षाचा दुसरा हुकूम. त्यात आधी दिलेल्या शेताबद्दल एक वाक्य आहे, ते मी तक्ता न बघता वाचलं: 'खेत न कसते, गामो न वसति.' शेत कसत नाहीत, गाव वसत नाही. सहा वर्षांत राजाचं दान कागदावरच राहिलं होतं, कारण कसायला माणूसच नव्हता. म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरची राजाची स्वतःची शंभर निवर्तनं द्यायला सांगितलंय. दोनशेच्या जागी शंभर, पण कसता येतील अशी. गाव का ओस पडलं ते लिहिलेलं नाही. क्षहरातांशी, म्हणजे नहपानाच्या घराण्याशी, झालेल्या लढाईत पडलं असेल, असं माझं मत.

पाचपैकी साडेतीन देते. नाशिक-जुन्नरकडे राहणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पण न पुसणारा पेन त्याच दिवशी विकत घ्यावा.